दरबाराबाहेरची तीनशे वर्षे : इंग्रजी भाषेच्या घडणीची पार्श्वभूमी

इंग्रजी ही मुळातच उदार भाषा आहे, ती परक्या शब्दांना सहज सामावून घेते आणि तिचे व्याकरण सुटसुटीत आहे, अशी विधाने आपल्याकडील भाषाविषयक चर्चांत वारंवार आढळतात. मराठीनेही तसेच करावे, हा उपदेश बहुधा त्यांच्या पाठोपाठ येतो. या विधानांमागचे निरीक्षण चुकीचे नाही, पण कारणमीमांसा उलटी आहे. इंग्रजीने विभक्ती-प्रत्यय टाकले आणि हजारो फ्रेंच शब्द घेतले ते एखाद्या धोरणाने किंवा स्वभावाने नव्हे. ज्या काळात तिचे रूप सर्वाधिक पालटले त्या काळात ती पराभूतांची भाषा होती, दरबारात तिला स्थान नव्हते आणि ती कशी लिहावी हे ठरवणारा कोणी उरला नव्हता. पुढे सत्ता, छापखाना आणि शब्दकोश हे तिघेही तिच्या दिमतीला आले खरे, पण तोवर तिचा सांगाडा बदलून गेला होता.

रोमन सैन्य इ.स. ४१०च्या सुमारास ब्रिटनमधून निघून गेले. त्यानंतर आजच्या उत्तर जर्मनी व डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या टोळ्या समुद्रमार्गे येऊन स्थायिक झाल्या. बीड या धर्मगुरूने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात या आगमनाचे वर्ष ४४९ दिले आहे. प्रत्यक्षात हे स्थलांतर अनेक दशके चालले असावे. आधीपासून तेथे राहणाऱ्या केल्टिक भाषकांचे शब्द नव्या भाषेत फारच थोडे आले. थेम्स, एव्हन अशी नद्यांची नावे मात्र टिकली. ५९७ मध्ये रोमहून आलेल्या ऑगस्टिनने केंटमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार सुरू केला आणि त्यासोबत रोमन लिपी आली.

या काळातली भाषा, म्हणजे प्राचीन इंग्रजी, आजच्या इंग्रज वाचकाला शिकल्याशिवाय कळत नाही. मराठी वाचकाला तिची ठेवण कदाचित अधिक ओळखीची वाटेल, कारण तिच्यात तीन लिंगे होती, नामांना विभक्ती होत्या आणि विशेषणेही नामाप्रमाणे चालत. दगड या अर्थाचा 'स्टान' हा शब्द घ्या. 'दगडाचा' म्हणायचे तर 'स्टानेस', 'दगडाला' म्हणायचे तर 'स्टाने' आणि अनेकवचनी 'स्टानास'. कर्ता कोण व कर्म कोणते हे बऱ्याच अंशी प्रत्ययांवरून कळत असल्यामुळे वाक्यातले शब्द पुढेमागे करण्याची मोकळीक होती, जशी ती मराठीत आजही आहे. या साऱ्या पसाऱ्यातून आजच्या इंग्रजी नामाकडे दोनच गोष्टी उरल्या आहेत. षष्ठीच्या 'एस'पासून मालकी दाखवणारा 'स' आला आणि 'आस'पासून अनेकवचनाचा 'स' आला.

प्रत्यय गळण्याची सुरुवात १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडीतून झालेल्या नॉर्मन स्वारीच्या बरीच आधी झाली होती, हे येथे नोंदवले पाहिजे, कारण लोकप्रिय लेखनात सगळे श्रेय १०६६ला दिले जाते. इंग्रजी ज्या कुळातली आहे त्या जर्मानिक भाषांत आघात शब्दाच्या आरंभी पडत असे, त्यामुळे शेवटची अक्षरे उच्चारात आधीच क्षीण होत चालली होती. त्यात व्हायकिंग, म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडचे दर्यावर्दी, आले. ७९३ मध्ये त्यांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला आणि पुढच्या शतकात ते लुटारू म्हणून न राहता शेतकरी म्हणून वसू लागले. दक्षिणेकडील वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड याने ८७८ मध्ये एडिंग्टनच्या लढाईत त्यांना रोखले, तरी देशाचा उत्तर व पूर्व भाग या डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या, लोकांच्या अमलाखाली राहिला. त्या भागातील डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या नावांतला 'बी' म्हणजे त्यांच्या भाषेतले गाव.

डेन लोकांची नॉर्स भाषा आणि इंग्रजी या जवळच्या बहिणी होत्या. धातू पुष्कळसे सारखे आणि प्रत्यय वेगळे, अशी स्थिती असताना एकाच बाजारात उठबस करणाऱ्या लोकांनी समान भागावर भर द्यावा आणि वेगळा भाग अस्पष्ट सोडावा, हे समजण्यासारखे आहे. प्रत्यय उत्तरेकडे आधी आणि दक्षिणेकडे उशिरा नाहीसे झाले, ही वस्तुस्थिती या तर्काला बळ देते. नॉर्सकडून आलेले शब्दही दिखाऊ नाहीत, घरगुती आहेत: एग, स्काय, विंडो, नाइफ, हजबंड, टेक आणि खुद्द 'लॉ'. पण सर्वांत आश्चर्यकारक उसनवारी सर्वनामांची आहे. भाषा नामे सहज घेतात, सर्वनामे क्वचितच घेतात. तरीही 'दे', 'देअर' आणि 'देम' ही तिन्ही रूपे नॉर्समधून आली. ती हळूहळू दक्षिणेकडे सरकली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये लिहिणाऱ्या चॉसर या कवीकडे 'दे' पोचले होते, मात्र 'त्यांचा' आणि 'त्यांना' यासाठी तो अजून 'हिर' आणि 'हेम' हीच जुनी रूपे वापरतो.

असे असूनही अकराव्या शतकातले लेखन पाहिले तर हे बदल फारसे जाणवत नाहीत. याचे कारण लेखनिकांची परंपरा. आल्फ्रेडने लॅटिन ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे करवून घेतली होती, काही स्वतःही केली होती, आणि पुढच्या शतकात वेसेक्सच्या बोलीवर आधारलेली एक बऱ्यापैकी स्थिर लेखनभाषा देशभरच्या मठांत रूढ झाली होती. लोक काहीही बोलत असोत, लेखनिक शिकवलेले प्रत्यय लिहीत राहत. त्या काळच्या युरोपात लॅटिन सोडून लोकभाषेत एवढे गद्य लिहिणारा देश विरळाच होता.

१४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्रज राजा हॅरल्डचा पराभव केला आणि ही व्यवस्था कोसळली. विल्यमसोबत आलेले नॉर्मन संख्येने थोडे होते, पण जमीन, धर्मपीठे आणि दरबार त्यांच्या हाती गेले. १०८६ मध्ये जमिनीची जी प्रसिद्ध मोजदाद झाली, तिच्यात मोठे इंग्रज जमीनदार जवळजवळ दिसतच नाहीत. ती मोजदाद लॅटिनमध्ये लिहिलेली आहे. सरदार फ्रेंच बोलत, चर्च व दफ्तर लॅटिन लिहीत, आणि इंग्रजी शेतात, बाजारात व स्वयंपाकघरात राहिली.

या स्थितीचा भाषेवर झालेला परिणाम पीटरबरोच्या मठात राखलेल्या बखरीत डोळ्यांदेखत घडताना दिसतो. जुन्या नोंदी वेसेक्सच्या शिस्तीत उतरवलेल्या आहेत. शेवटची नोंद ११५४ सालची आहे आणि तिच्यासह शेवटच्या काही वर्षांच्या नोंदी लेखनिकाने आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिल्या आहेत. त्यांत विभक्ती मोडकळीला आल्या आहेत, लिंगभेद पुसट झाला आहे आणि शब्दांचा क्रम आजच्या इंग्रजीकडे झुकलेला आहे. भाषा शे-दीडशे वर्षांत एकाएकी पालटली असे यावरून वाटते, पण खरे पाहता बोलण्यात आधीच झालेला बदल लेखनात आता उघडा पडला. शुद्धलेखन शिकवणारेच नाहीसे झाल्यावर तो झाकणार कोण? नॉर्मनांनी इंग्रजीचे व्याकरण बदलले नाही. ते राखणारी माणसे हटवली.

फ्रेंच शब्दांची कथाही प्रचलित समजुतीपेक्षा वेगळी आहे. स्वारीनंतरच्या पहिल्या दोन शतकांत इंग्रजीत आलेल्या फ्रेंच शब्दांची संख्या मर्यादित आहे. खरा लोंढा १२५०नंतर येतो, आणि तो फ्रेंचचा जोर वाढल्यामुळे नव्हे, तर ओसरल्यामुळे. १२०४ मध्ये किंग जॉनने नॉर्मंडी गमावली. दोन्हीकडे जमिनी असलेल्या सरदारांना एक बाजू निवडावी लागली आणि इंग्लंडमध्ये राहिलेल्यांची मुले इंग्रजी बोलत वाढू लागली. पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंचमध्ये कारभार केलेली माणसे इंग्रजी बोलू लागली तेव्हा कारभाराचे, न्यायाचे, पोशाखाचे आणि मेजवानीचे शब्द ती सोबत घेऊन आली. जज, ज्युरी, कोर्ट, प्रिझन, पार्लमेंट, गव्हर्न्मेंट, टॅक्स, आर्मी, ड्रेस, डिनर ही त्यांतली काही. मध्ययुगात आलेल्या अशा शब्दांची संख्या ढोबळमानाने दहा हजार मानली जाते. किंग आणि क्वीन हे शब्द मात्र जुने इंग्रजीच राहिले.

जनावर गोठ्यात असेपर्यंत त्याचे नाव इंग्रजी आणि ताटात आले की फ्रेंच, म्हणजे ऑक्स व बीफ, शीप व मटन, हे उदाहरण सर्वत्र दिले जाते. ते आकर्षक आहे, पण जरा जास्तच नेटके आहे. मध्ययुगीन लेखनात 'बीफ' आणि 'मटन' हे शब्द जिवंत जनावरांसाठीही येतात. आजची काटेकोर विभागणी बरीच नंतर पक्की झाली आणि तिला प्रसिद्धी दिली ती वॉल्टर स्कॉटने १८१९च्या एका कादंबरीतून.

इंग्रजी दरबारात परतली ती टप्प्याटप्प्याने. १३४८-४९च्या प्लेगच्या साथीत लोकसंख्येचा मोठा भाग दगावला. मजुरांची टंचाई झाली, त्यांची पत वाढली, आणि लॅटिन-फ्रेंच शिकवणारे पाद्रीही मोठ्या संख्येने मेले. १३६२ मध्ये न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा झाला. तो कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला आहे. पाचव्या हेन्रीने १४१७ पासून आपली पत्रे इंग्रजीत पाठवण्यास सुरुवात केली. १४२२ मध्ये लंडनच्या बिअर बनवणाऱ्यांच्या संघाने आपले दफ्तर इंग्रजीत ठेवण्याचा ठराव केला. राजाने तसे केले आहेच, शिवाय आपल्यापैकी अनेकांना इंग्रजी वाचता-लिहिता येते आणि लॅटिन व फ्रेंच मुळीच कळत नाही, असे कारण त्यांनी नोंदवले. वकिलांनी मात्र आपली मोडकी फ्रेंच आणि लॅटिन शक्य तितकी जपली. न्यायालयाचे लेखी कामकाज सक्तीने इंग्रजीत आणणारा कायदा अंमलात यायला १७३३ साल उजाडले. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठी राजव्यवहारकोश तयार करवून घेतला, तसा प्रयत्न इंग्लंडच्या कोणत्याही राजाने केला नाही, त्यामुळे कायद्याचे फ्रेंच शब्द जेथल्या तेथे राहिले.

परतलेल्या या भाषेला एक रूप नव्हते. तिचा गोंधळ विल्यम कॅक्स्टनने १४९० मध्ये आपल्या एका प्रस्तावनेत सांगितला आहे. कॅक्स्टन मूळचा व्यापारी. तीसेक वर्षे नेदरलँड्सकडील प्रदेशात काढून, मुद्रणकला शिकून त्याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला होता. त्याच्या सांगण्यानुसार काही व्यापारी थेम्समधून जहाजाने निघाले होते. वारा पडल्यामुळे ते केंटच्या किनाऱ्यावर उतरले. एकाने एका घरी खाण्यासाठी 'एगीज', म्हणजे अंडी, मागितली. त्या घरच्या बाईने, मला फ्रेंच येत नाही, असे उत्तर दिले. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. शेवटी दुसऱ्या कोणी 'आयरेन' हवी आहेत असे सांगितल्यावर तिला कळले. 'एगीज' हा उत्तरेतून आलेला नॉर्स शब्द आणि 'आयरेन' हा दक्षिणेतला जुना इंग्रजी. दोघेही इंग्रजीच बोलत होते. यांपैकी कोणता शब्द छापावा, असा प्रश्न कॅक्स्टन विचारतो. तो भाषाशास्त्राचा नसून धंद्याचा प्रश्न आहे, कारण छापलेली प्रत केंटमध्येही खपायला हवी आणि यॉर्कमध्येही. मुद्रकांनी तो लंडनच्या वापराकडे पाहून सोडवला आणि पुढच्या दोनशे वर्षांत स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेले.

दुर्दैव असे की, अक्षरे स्थिर होऊ लागली नेमक्या त्याच काळात उच्चार हलत होते. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतील सर्व दीर्घ स्वर आपली जागा सोडून वर सरकले आणि जे आधीच सर्वांत वर होते ते फुटून संयुक्त स्वर झाले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन याने विसाव्या शतकाच्या आरंभी याला 'स्वरांचे महास्थित्यंतर' या अर्थाचे नाव दिले. देवनागरीत ते चांगले दाखवता येते. चॉसरच्या काळी 'टाइम'चा उच्चार 'टीम'च्या जवळचा होता, 'हाउस'चा 'हूस', 'नेम'चा 'नाम', 'फूड'चा 'फोड' आणि 'फीट'चा 'फेट'. जुन्या उच्चारांसाठी ही स्पेलिंगे अगदी सरळ होती, जर्मन किंवा इटालियनमधल्याइतकीच. मुळाक्षरांची नावेही या स्थित्यंतरात सापडली. इतर युरोपीय भाषांत ज्या पहिल्या अक्षराला 'आ' म्हणतात त्याला इंग्रजीत 'ए' म्हणतात आणि ज्याला 'ई' म्हणतात त्याला 'आय', त्याचे कारण हेच. काही शब्द अर्ध्या वाटेवर राहिले. 'मीट' आणि 'स्पीक' यांतली स्वराक्षरे 'ग्रेट' आणि 'ब्रेक' यांतही आहेत, पण दुसरी जोडी पुढे सरकलीच नाही. स्थित्यंतर का घडले यावर अभ्यासकांत एकमत नाही. प्लेगनंतर लंडनमध्ये झालेली लोकांची सरमिसळ हे एक संभाव्य कारण सांगितले जाते.

व्यंजनांचीही पडझड झाली. 'नाइट' म्हणजे सरदार या शब्दाचा उच्चार पूर्वी 'क्निख्ट' असा होता आणि आज मुकी असलेली सगळी अक्षरे त्यात बोलत असत. उच्चार गेले, अक्षरे राहिली. त्यावर विद्वानांनी भर घातली. फ्रेंचमधून आलेला 'डेट', म्हणजे कर्ज, हा शब्द पूर्वी 'बी' या अक्षराशिवाय लिहिला जाई. लॅटिन मूळ दाखवण्याच्या हौसेने त्यात ते घुसवले गेले, त्याचा उच्चार कधीच कोणी केला नाही. 'आयलंड'मधला 'एस' तर चुकीच्या व्युत्पत्तीने आला. तो शब्द मूळचा इंग्रजी, पण लॅटिनमधून आलेल्या 'आइल'शी त्याचे नाते जोडले गेले. मुकी अक्षरे पाठ करून शाळेत मार खाल्लेल्या अनेक पिढ्यांना हे सांगायला हवे होते, की त्यांतली काही अक्षरे केवळ पांडित्यप्रदर्शनासाठी आहेत.

सोळाव्या शतकात लॅटिन व ग्रीकमधून शब्दांची नवी भरती आली. ही उसनवारी मात्र जाणूनबुजून होती आणि तिच्यावर वादही झाला. केंब्रिजचा ग्रीक पंडित जॉन चीक याने १५५७ मध्ये एका पत्रात, आपली भाषा उसन्या शब्दांनी न बिघडवता स्वच्छ लिहावी, असे बजावले. ग्रीकचा प्राध्यापक हे सांगतो यात मौज आहे, आणि ते सांगताना त्यालाही लॅटिनमधून आलेले शब्द टाळता आले नाहीत. अवघड शब्द इतके वाढले की १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्रीने सुमारे अडीच हजार शब्दांचा, केवळ अवघड शब्दांचे अर्थ देणारा, पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश काढला.

याच सुमारास इंग्रजीतला 'तू' नाहीसा होत होता. 'दाउ' हा एकवचनी आणि 'यू' मूळचा अनेकवचनी. फ्रेंच दरबारी रिवाजाच्या प्रभावाने तेराव्या शतकापासून 'यू' आदरार्थी एकवचनी झाला, मराठीतल्या 'तुम्ही'सारखा. शेक्सपिअरच्या नाटकांत पात्रे रागात, लाडात किंवा तुच्छतेने 'यू'वरून 'दाउ'वर येतात, आणि हे बारकावे मराठी प्रेक्षकाला आजच्या इंग्रज प्रेक्षकापेक्षा लवकर जाणवावेत. शहरांत अनोळखी माणसाचा दर्जा ओळखणे कठीण होऊ लागले तसे लोक सुरक्षित म्हणून सर्वांनाच 'यू' म्हणू लागले. इंग्रजीत अहो-जाहो नाही असे आपण म्हणतो. वास्तविक तिच्यात अरे-तुरे उरलेले नाही. १६११च्या अधिकृत बायबल भाषांतराने 'दाउ' कायम ठेवल्यामुळे देवाला उद्देशून तोच शब्द राहिला आणि एके काळचे सलगीचे सर्वनाम आज भारदस्त वाटते.

भाषेवर पहारा बसवण्याची मागणी अठराव्या शतकात झाली. फ्रान्सप्रमाणे एखाद्या मंडळाने इंग्रजी निश्चित करावी, असा प्रस्ताव जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये मांडला. तसे मंडळ कधीच स्थापन झाले नाही. त्याऐवजी १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा सुमारे ४२ हजार शब्दांचा कोश आला. भाषा स्थिर करण्याच्या उमेदीने हाती घेतलेले हे काम संपताना, ते कोणत्याही कोशकाराला शक्य नाही, असे जॉन्सनने प्रस्तावनेत मान्य केले. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथचे व्याकरण आले आणि दुहेरी नकार निषिद्ध ठरण्यासारखे नियम शाळाशाळांत पोचले. पलीकडे अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८च्या कोशातून 'कलर', 'सेंटर' यांची स्पेलिंगे बदलली. त्याच्या अधिक धाडसी सूचना त्याच्या देशबांधवांनीही मानल्या नाहीत. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ३०० शब्दांची सोपी स्पेलिंगे सरकारी छपाईत वापरण्याचा आदेश दिला, तेव्हा अमेरिकन संसदेने विरोध केला आणि त्यांना माघार घ्यावी लागली.

जॉन्सननंतरचा मोठा कोश मात्र वेगळ्या वृत्तीचा निघाला. १८५७ मध्ये लंडनच्या भाषाशास्त्र मंडळात कल्पना मांडली गेलेला आणि १८७९ पासून जेम्स मरी यांनी संपादित केलेला ऑक्सफर्ड कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला. प्रत्येक शब्द केव्हा, कोणत्या अर्थाने आला आणि कसा बदलला हे त्यात अवतरणांसह नोंदवले होते. ही अवतरणे चिठ्ठ्यांवर लिहून पाठवणारे वाचक हजारोंच्या संख्येने होते. भाषा कशी असावी हे सांगण्यापेक्षा ती कशी होती आणि आहे हे दाखवणे, हे त्याचे धोरण.

या कोशाची कल्पना मांडली गेली त्याच वर्षी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्तीही त्याच वर्षीची, पहिली १८३१ची. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर असे. आपल्याकडे पोचलेली इंग्रजी ही अशी जॉन्सन आणि लाउथ यांच्यानंतरची, नियमांत बसवलेली भाषा होती, आणि ती नेहमीच तशी होती असा समज येथे रुजला. उलट दिशेने 'मुंगूस' हा शब्द मराठीतून इंग्रजीत गेला आणि तेथे त्याचे 'मोंगूस' झाले. अनेकवचन 'मोंगीस' करावे की 'मोंगूसेस', हा प्रश्न 'गूस'मुळे इंग्रजांना पडला आणि त्यांनी दुसरे रूप पत्करले.

आज इंग्रजी बोलणाऱ्यांत ती मातृभाषा नसलेल्यांची संख्या मातृभाषकांहून जास्त आहे. ठरलेली बैठक अलीकडे ओढण्यासाठी आपण 'प्रीपोन' म्हणतो, जुन्या पठडीचे शिक्षक ते चूक ठरवतात आणि मोठ्या इंग्रजी कोशांनी तो शब्द भारतीय वापर म्हणून नोंदवलेला आहे.